पाकिटातलं मीठ

प्रिय ताई,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे, जिममधलं कामही सुरळीत चाललंय. आई विचारते म्हणून सांगतो, जेवणाची आबाळ नाही. घरी आलो की मॅकरोनी-चीजचं पाकीट उकळतो. जिममध्ये मी सगळ्यांना तेच खाऊ नका म्हणतो, हे आपल्या दोघांत राहू दे.

बाबा गेल्याचा तुझा फोन आला, तेव्हा जिममध्ये शिकायला येणाऱ्या एका काकूंना त्याच पाकिटावरचे आकडे समजावून सांगत होतो. प्रोटीन थोडं, मैदा भरपूर. फोन ठेवला आणि राहिलेलं सांगायला लागलो. त्यांनी विचारलं, "मीठ जास्त असतं का हो?" म्हटलं, "फार." मग त्यांच्याकडून दोरीवरच्या उड्याही मारून घेतल्या. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आईला झोप लागते का? बाबांच्या गोळ्या कपाटातून काढल्यास का?

हल्ली ते पाकीट मला अळणी लागतं. काल वरून मीठ घातलं, तरी अळणीच. तुला घरचं जेवण तरी चवीचं लागतं का गं?

आईला यातलं काही बोलू नकोस. पोटभर जेवतो, एवढंच सांग.

तुझा,
धाकटा