गवत कापणारी चकती आणि तिची तीन नखं

सगळ्यात आधी आले ते गवत कापायच्या मशीनच्या कारखान्याचे साहेब. त्यांची डिझाइनवाली बाई मागाहून आली, कारण ती फाटकाशीच उकिडवी बसून आमचं गवत निरखत होती. साहेबांचा चहा पिऊन झाला तरी हिचं आपलं गवत. मला ती तिथेच आवडली. पण त्या दोघांच्या येण्यावरून घरात जी खडाजंगी झाली, तिच्यामुळे मला आज हे लिहायला बसावं लागलं. तेव्हा आधी रीतीचं लिहून टाकते.

मी, या घराची मालकीण, वय सत्त्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र करत आहे. अक्षर माझंच. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर तसा दाखला देण्यासाठी मला तपासत होते, तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या पंख्याचं एक पातं वाकलंय, म्हणून तो डुगडुगतो." ते म्हणाले, "पुरे आजी, देतो दाखला."

कलम एक. घर आणि बँकेतलं जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. स्वयंपाकघरातली भांडी धाकट्या सुनेला. थोरलीने रुसू नये. माझी भांडी म्हणजे नुसतं भंगार, असं तीच जिन्यात शेजारणीला सांगत होती. मला अजून चांगलं ऐकू येतं.

कलम दोन. शेडमधला ग्राइंडर, कानशी आणि पाने नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. ती लेथवर काम करते, हात स्थिर आहे. मोठा पाना थोरल्याने नेलाय, तो त्याने मुकाट्याने आणून द्यावा.

कलम तीन, आणि यासाठीच एवढा खटाटोप. माझी चकती.

आमच्या ह्यांचं धार लावायचं दुकान होतं. गवत कापायच्या मशीनची पाती यायची. हे धार लावायचे, मी पातं खिळ्यावर अडकवून तोल बघायची. एकदा ह्यांनी गप्पांच्या नादात एका माळ्याचं पातं उलटं बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी माळी तणतणत आला, "वहिनी, गवत कापलंय की चावून टाकलंय?" ते पातं काढून मी नीट पाहिलं. झिजलं होतं ते फक्त टोकाशी, चार बोटं. बाकी हातभर लोखंड नुसतं मिरवत होतं! मग चार बोटांसाठी अख्खं पातं का फेकायचं? हा प्रश्न माझ्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच.

हे गेल्यावर मी अख्ख्या पात्याच्या जागी मशीनला बसेल अशी चकती केली. गोल पत्रा, कडेला तीन भोकं, प्रत्येक भोकात बोल्टवर सैल बसवलेलं एक छोटं पातं. त्याला मी नख म्हणते. चकती फिरली की नखं आपोआप बाहेर ताठ होतात, दगड लागला तर आत दुमडतात. दोन्ही कडांना धार असते. एक बोथट झाली की उलटवा, दोन्ही बोथट झाल्या की नवं लावा, पण तिन्ही एकदम. एकच बदललं तर तोल जातो आणि मशीन हात बधिर करतं. नख जुन्या करवतीच्या पात्यातूनही कापता येतं. बोल्ट साधा, कुठेही मिळणारा.

साहेबांना करार करून ही चकती कारखान्यात बनवायची आहे, पण गोल भोकाऐवजी चांदणीच्या आकाराचं भोक हवंय, म्हणजे त्यांच्याच कारखान्याचं नख बसेल. थोरला लगेच म्हणाला, "आई, कर की सही, भोक कसलं का असेना!" नात उसळली, "काका, मग आजीची चकती आजीलाच दुरुस्त करता येणार नाही!" थोरला म्हणाला, "नाहीतरी तिच्यामागे सही मीच करणार आहे." हे त्याने माझ्यासमोर म्हटलं. मी काय कपाट आहे?

म्हणून लिहिते : चकती, तिचे नकाशे आणि सही करायचा हक्क एकट्या नातीचा. थोरल्याचा नाही.

पण बाईचं बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, "आजी, साहेबांचं धंद्याचं डोकं असेल, पण मला भीती वेगळी आहे. गोल भोकात लोक वाटेल तो पत्रा लावतील. तो सुटला तर पायात घुसेल." माझं पहिलंच नख सुटून शेडच्या दारात रुतलं होतं. मी बाईला दार दाखवलं. ती बोट घालून किती खोल ते बघत राहिली. मग आम्ही दोघी जमिनीवरच बसलो आणि खडूने आकृत्या काढल्या. साहेबांचा दुसरा चहा झाला. शेवटी ठरलं : खालून आणखी एक पातळ चकती लावायची, म्हणजे नख दोन पत्र्यांच्या मध्ये राहील आणि बोल्ट दोन्हीकडून धरला जाईल. बाई ती कारखान्यात नेऊन लोखंडी पिंजऱ्यात फिरवणार, मी करवतीतून कापलेली ओबडधोबड नखं लावून, आणि वर दगड मारून बघणार.

नातीला माझी आज्ञा अशी. नख सुटलं नाही, तर भोक गोलच राहील, साहेब रागावले तरी. सुटलं, तर तिने चांदणीच्या भोकावर सही करावी आणि माझं नाव घेऊन हट्ट धरू नये. माझी हौस कोणाच्या पायापेक्षा मोठी नाही. आणि मी तोवर नसले, तर बाईला एवढं नक्की विचारावं : सुटलं तर आधी काय सुटलं, नख की बोल्ट?

कलम चार. मी पहिल्यांदा बोल्ट मागायला गेले तेव्हा हार्डवेअरवाला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "काकू, भाजीच्या सुरीला मोटर लावताय का?" त्याला माझं एक झिजलेलं नख द्यावं. बोलू काही नये.

सही : चकतीवाली आजी

साक्षीदार : एक, डॉक्टर (पंखा अजून तसाच). दोन, समोरचे शिंपी, यांनी सगळं वाचून मगच सही केली आणि दोन प्रश्न विचारले.

ठिकाण : मागची शेड, दार उघडं ठेवून.

दिवस : सोमवार, सकाळ.

पाहुणे चकती फिरवून बघून परत येतो म्हणालेत : गुरुवारी, अकरा वाजता.