सर्वेशसाठी सोडलेले मासे

१ जानेवारी, बुधवार
सर्वेश तेहेतिसाचा झाला. मुंबईत नोकरी, स्वतःचा वन बीएचके, तरी तीन स्थळं मोडली. आज आचऱ्याच्या देवळात मथुरा आणि मी जोडीने उभे राहिलो. भाई गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की सर्वेशचं लग्न ठरेपर्यंत आईबापाने, म्हणजे मथुरा आणि धोंडूने, मासे सोडले. जमलेली मंडळी म्हणाली, व्हय म्हाराजा. कल्पना माझी. मथुरेने विचारलं, तुमका जमात? हसलो. एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. डिसिप्लिन अंगात आहे.

८ जानेवारी, बुधवार
बँकेच्या केवायसीसाठी मालवणला. एसटी लेट. बाबलीच्या खानावळीत फक्त सावलीला बसलो. बाबली आपल्याच गावचा, त्याने न विचारता तळलेला बांगडा पुढे ठेवला. पानात पडलेलं टाकणं हेही पापच. एक्सेप्शन म्हणून खाल्ला.

१५ जानेवारी, बुधवार
केवायसी अपूर्ण. सुरमई. बाबलीला सांगितलं, बाहेर बोलू नकोस. म्हणाला, गळ्याशपथ.

१६ जानेवारी
जिन्याखालच्या ढिगातले नारळ कमी होतायत. आमचे नारळ काढणारा बाळा, त्याच्यावर लक्ष ठेवणार.

२२ जानेवारी, बुधवार
केवायसी. बांगडे, दोन.

२४ जानेवारी, शुक्रवार
कणकवलीच्या मुलीचा नकार आला. चौथा. मथुरेला सरळ विचारलं, तू काही खाल्लंस का? सुकटाची चटणीसुद्धा चालत नाही. ती माझा बुधवारचा शर्ट धुवायला घेऊन गेली. बायकांचा जिभेवर ताबा कमी असतो, त्याला कोण काय करणार. मन फार खिन्न झालं, म्हणून दुपारी मालवणला जाऊन आलो. तिसऱ्या. शिंपल्यातला जीव तांत्रिकदृष्ट्या मासा नव्हे.

२९ जानेवारी, बुधवार
बांगडा. शेवटचा.

३१ जानेवारी, शुक्रवार
तिसऱ्या. (२४ तारखेची नोंद पाहावी.) बाळाला नारळांबद्दल चार शब्द सुनावले. तो रुसून गेला. चोराच्या उलट्या बोंबा.

३ फेब्रुवारी, सोमवार
मथुरा म्हणाली, शुक्रवारी सावंतवाडीक जावया, दोघांच. माशांवाचून सुकली बिचारी, जरा बदल हवा. होकार दिला. टाइमटेबल केलं: तलाव पाऊण तास, राजवाडा एक तास, चितार आळी वीस मिनिटं, शाकाहारी जेवण.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी ७
पाठीत सुरा. दुसरा शब्द नाही.
सकाळ बरी गेली. मोती तलावाची माहिती सांगत होतो, ती कठड्यावर बसून शेंगा खात होती. खूश दिसत होती, पस्तीस वर्षांत अशी क्वचित दिसली. चितार आळीत तिने लाकडी फळांची परडी घेतली, रुखवतात ठेवतात तसली. कशाला, विचारलं. म्हणाली, लागतली.
मग खानावळ. हिने दोन सुरमई थाळ्या मागवल्या. मी ओळखलं, परीक्षा आहे. उभा राहून नवस, निष्ठा आणि मुलाचं भवितव्य यावर बोललो. शेजारच्या टेबलावरचे जेवायचे थांबले. ती दोनदा काही सांगायला गेली, मी हाताने थांबवलं. मग तिने माझ्यादेखत दोन्ही सुरमया खाल्ल्या, काटे चोखून. मी वालीची भाजी.
येताना एसटीत वेगळ्या सीटवर बसलो. पोराच्या लग्नापेक्षा हिला सुरमई मोठी.

८ फेब्रुवारी, शनिवार
सर्वेशचा फोन. लग्न गेल्या रविवारीच ठरलं. रेडी गावची भक्ती, त्याच्याच ऑफिसातली. आईला लगेच कळवलं होतं. ती म्हणाली होती, बाबांका मी सुरमईच्या ताटावर सांगतंय.
म्हणजे काल मासा चालत होता. मी वालीची भाजी खाल्ली.
मथुरेला विचारलं, तिथेच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुमी बोलाक दिलास खंय?
बरं. निदान नारळचोर बाळाच, एवढं तरी कबूल कर म्हटलं, तर म्हणाली, मीच. दर बुधवारी तुमच्या शर्टाक माशाचो वास येय. दुसऱ्या दिवशी देवाक नारळ ठेवन सांगी, ह्येंची चूक पोराच्या वाटेक लावू नको. चार बुधवार, चार नारळ.
मी खुंटीवरचा शर्ट काढून हुंगून पाहिला.

९ फेब्रुवारी, रविवार
तिसऱ्यांना वास नसतो, ते दोन शुक्रवार तिला ठाऊक नाहीत. पण देवाला असतील. सर्वेशच्या बाबतीत रिस्क नको. ती विहिरीवर असताना दोन नारळ पिशवीत घालून देवळात गेलो. वाटेत बाळा दिसला, त्याने मान फिरवली.
देवळात दहाबारा माणसं. बाबलीही होता, देवाकडे बघत. भाईला दोन शुक्रवारांचं आणि मथुरेवरच्या संशयाचं हळूच सांगितलं, म्हटलं, घरगुती आहे, गाऱ्हाणं मनातल्या मनात घाल.
भाईने घसा साफ केला. बा देवा म्हाराजा, ह्या धोंडून दोन शुक्रवार चोरून तिसऱ्यो खाल्ल्यान, वर बायलेवर संशय घेतल्यान, ता पोटात घाल आणि पोराचा बरा कर रे म्हाराजा.
सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.
सगळ्यांत मोठा आवाज मागून आला. मथुरेचा.