पंच्याऐंशीची लेन्स आणि वहिनीचा फोटो

दि. ३ जून

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र पाहून तुला वाटेल, ठकूला फोन करायला काय झालं होतं. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ठेवून देतोस, आणि आज मला त्याहून बरंच जास्त बोलायचं आहे.

मी लेन्स घेतली. जुनी, पंच्याऐंशी मिलिमीटरची, माणसांच्या पोर्ट्रेटची. आपल्या स्टुडिओत तुझ्याकडे होती त्याच जातीची, हाताने रिंग फिरवून फोकस करायची. इथे जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागतं. तीन खेपा घातल्या. दर खेपेला ते लेन्समध्ये टॉर्च मारून दाखवायचे, की बघा, ही थोडी धूळ, हा काचेतला बुडबुडा, तो जन्मापासूनचा आहे, त्याने काही बिघडत नाही. आतली बुरशी त्यांनीच काढली, वाळलेलं ग्रीस बदललं. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं की मुलासाठी घेताय का. मी म्हटलं, माझ्यासाठी. तेव्हा त्यांनी स्टूल पुसून मला बसायला दिलं. किंमत विचारू नकोस.

दादा, काय सांगू तुला. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या कॅमेऱ्यावर मध्ये एक कडं लावून ती बसते. हातात घेतली की वजनाने मनगट खाली जातं. रिंग फिरवावी तसा धुक्यातून चेहरा येतो, आधी नाक, मग पापण्या, आणि केसभर जास्त फिरली की फोकस निसटून कानावर जातो. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना बसवलं. हलू नका म्हटलं, तर म्हणाल्या की न हलता बसायला कोणी सांगितल्याला बरीच वर्षं झाली. फोटो चष्मा लावून जवळून बघितला. मग विचारलं, ही मी की माझी थोरली बहीण. एक प्रत मात्र मागून घेतली.

तीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत लोकांची हाडं काढली, आता चेहरे काढते आहे. वहिनीला वाचून दाखव. चिडवायचं असेल तर चिडव, पण उत्तर लिही.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारी,
ठकू

दि. ११ जून

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र पोचलं. डोक्याला हात लावला. ज्या काचेत बुडबुडा आहे ती काच कोणी तुझ्या गळ्यात मारली आणि वर तू त्याचं कौतुक करतेस. अगं, वर्षापूर्वी मोतीबिंदू काढलेला, चालताना फूटपाथची पायरी चुकतेस, आणि हाताने फोकस धरणार. एक्स-रेत हाड हलत नाही. माणूस हलतो, श्वास घेतो, डोळे मिचकावतो. परत करून टाक ती. हौसच असेल तर चांगला मोबाइल घे.

राग मानू नकोस. तुझा हात पेन्सिलीचा. निगेटिव्हवरचे डाग आणि सुरकुत्या तुझ्याइतक्या सफाईने काढणारी मी पाहिली नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण कॅमेऱ्यामागे उभं राहायचं म्हणजे समोरचा माणूस ओळखावा लागतो, ते शिकवून येत नाही.

आता आनंदाची बातमी. इथल्या कलामंडळाने माझं प्रदर्शन ठेवलं आहे, १९ जुलैला, साठ फोटो. कार्ड सोबत जोडलं आहे. वरचा फोटो ओळखशीलच, आपल्या स्टुडिओच्या दर्शनी काचेतला, तुझ्या वहिनीचा. मंडळाच्या चिटणिसांनी त्याखाली छान मजकूर लिहिला आहे. दोन दिवस आधी ये, म्हणजे वहिनीला मदत होईल आणि प्रिंटवर कुठे डाग राहिले असतील ते तुझ्या नजरेला दिसतील.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी सांभाळ.
दादा

दि. १६ जून

ती. दादास,
शि. सा. न.

वरचा नमस्कार सवयीने लिहिला गेला. आज तो करायचं मनात नाही.

कार्ड पाहिलं. वहिनी हसते आहे, आणि खाली छापलं आहे, ‘पतीच्या प्रेमळ नजरेतून’. त्याखाली तुझं नाव. दादा, हा फोटो मी काढला आहे.

विसरला असशील तर आठवण देते. तू कारखान्याचा ग्रुप फोटो काढायला गेला होतास. वहिनी किल्ल्या द्यायला खाली आली. मी तिला स्टुलावर बसवलं. रोलमध्ये दोनच फोटो शिल्लक होते आणि तुझी पंच्याऐंशीची कॅमेऱ्यावर लावलेली होती. मी वीस वर्षांची होते, आणि त्या लेन्सला हात लावायची मला बंदी होती. रोल तूच धुतलास. निगेटिव्ह माझ्या टेबलावर आणून ठेवलास आणि म्हणालास की गालावरचा तीळ काढू नकोस. कोणी काढला हे विचारलं नाहीस. मी वाट बघितली. आठवड्याने फोटो मोठा होऊन दर्शनी काचेत लागला, आणि त्या काचेवर फक्त स्टुडिओचं नाव होतं, म्हणून मी गप्प राहिले. स्टुडिओत मीही होतेच, अशी स्वतःची समजूत घातली.

एकोणचाळीस वर्षं ती समजूत पुरली. ह्या कार्डाने संपवली. आणि ज्या पत्रात हे कार्ड पाठवलंस, त्याच पत्रात मला लिहितोस की समोरचा माणूस ओळखायला मला येत नाही. लाज कशी वाटली नाही लिहिताना.

डाग शोधायला मी येणार नाही. ते नाव बदल, नाहीतर मी चिटणिसांना पत्र लिहीन. लेन्सही परत करणार नाही. काल तिने पोस्टमनचा इतका सुरेख फोटो दिला आहे की तो तुला कधीच दाखवणार नाही.

लोभ तूर्त कपाटात ठेवून दिला आहे.
ठकू

दि. २१ जून

चि. ठकूस,

स्टुडिओ माझा, कॅमेरा माझा, रोल माझा, समोर बसलेली बायको माझी. तू बटण दाबलंस. हॉटेलातला आचारी जेवणाच्या ताटावर स्वतःचं नाव घालत नाही. ज्या स्टुडिओने तुला हातात कसब दिलं, त्याच्यावरच उलटतेस. आईवडील गेल्यावर तुला मी वाढवलं, हे मला लिहावं लागतं आहे, ह्याचाच मला जास्त राग येतो.

कार्डं वाटून झाली आहेत. चिटणिसांना पत्र लिहायचं असेल तर खुशाल लिही, मग मात्र ह्या घराची पायरी चढू नकोस.

आशीर्वाद आज लिहवत नाहीत.
दादा

दि. २८ जून

चि. सौ. ठकूवन्संना,
आशीर्वाद.

राग आला की मी तुला वन्सं म्हणते, हे तुला माहीत आहे. तेव्हा ओळख.

तुझं पत्र मी वाचलं, ह्यांचं उत्तर पोस्टात टाकायच्या आधी तेही वाचलं. माझ्या तोंडावरून तुम्ही दोघं बहीणभाऊ भांडता आहात, आणि तोंड ज्या बाईचं आहे तिला एकानेही काही विचारलेलं नाही.

फोटो तूच काढलास. स्टुलावर मी होते, मला माहीत नसेल तर कोणाला असेल. आता मी एकोणचाळीस वर्षं का बोलले नाही ते ऐक. लग्नाच्या पहिल्या वर्षात ह्यांनी मला चार वेळा कॅमेऱ्यासमोर बसवलं. चारही वेळा हनुवटी खाली, डोळे इकडे, श्वास धर. चौथ्या वेळी कॅमेरा बंद केला आणि म्हणाले की तुझा चेहरा कॅमेऱ्याला काही देत नाही. त्यानंतर पुन्हा कधी बसवलं नाही. आणि मग तुझा तो फोटो काचेत लागला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून म्हणायच्या, नवरा कसा बघत असेल हो तुमच्याकडे. पहिले दोन महिने मी सांगत होते की हा नणंदेने काढला. पुढे सांगणं सोडलं. मला ते खरं असायला हवं होतं, वन्सं. इतकी वर्षं ऐकून ऐकून ते अर्धंमुर्धं खरं झालंही होतं. तू एका पत्रात ते पुसून टाकलंस. तुझी बाजू खरी आहे, तरी मी तुझ्यावर चिडले आहे.

ह्यांच्यावर त्याहून जास्त. काल जेवायच्या टेबलावर सांगितलं की त्या फोटोखाली ठकूचं नाव लागेल आणि शेजारी माझा एक फोटो लागेल, तुम्ही काढलेला, आत्ताचा. नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी मी भिंतीपाशी उभी राहून येईल त्याला खरं सांगणार. हे ताट सारून उठले आणि बाहेर निघून गेले. दोन तासांनी आले ते चप्पल न काढता खुर्चीत बसून राहिले.

ह्यांचे कॅमेरे कधीच विकले गेले. तुझा कॅमेरा आणि ती लेन्स पाठवून दे. मागते आहे असं समजू नकोस, सांगते आहे.

माया आहे, पण आज ती दिसणार नाही.
तुझी वहिनी

दि. २ जुलै

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या बाजूने मी एकदाही विचार केला नव्हता, ह्याची शरम वाटली. दादावरचा राग मात्र आहे तिथेच आहे. त्याने लिहिलेली पायरीची गोष्ट मी विसरणार नाही, म्हणून प्रदर्शनाला येणार नाही.

कॅमेरा आणि लेन्स आजच खोक्यात भरून पाठवते आहे. भोवती माझे दोन लोकरी स्वेटर गुंडाळले आहेत. दादाला सांग, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून फोटो काढायचा असेल तर फोकस डोळ्यावरच धर, रिंग शेवटाकडे किंचित जड जाते, जोर करू नकोस. हे त्याला सांगायची गरज नाही हे मला कळतं. तरी सांग.

तुझ्यापुढे मान खाली घातलेली,
ठकू

दि. १२ जुलै

चि. ठकूस,
अ. आ.

खोकं आलं. लेन्स चांगली आहे. बुडबुड्याने खरंच काही बिघडत नाही.

कारखान्याच्या त्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो, उजेड मोजायचा लाइटमीटर विसरला म्हणून. दार अर्धं उघडं होतं. तू कॅमेऱ्यामागे उभी राहून माझी नक्कल करत होतीस, हनुवटी खाली, डोळे इकडे, माझ्याच आवाजात, माझ्यासारखी कंबरेवर हात ठेवून. आणि ती हसत होती. स्टुलावरून पडायची तेवढी राहिली होती. चार बैठकांत मला तिचे दातसुद्धा दिसले नव्हते. मी आत आलो नाही. तसाच फिरलो आणि कारखान्याची दोनशे माणसं अंदाजाने काढली.

रोल धुतला तेव्हा एका फोटोत तिचे डोळे मिटलेले होते. दुसरा पाहिला आणि कळलं की इतकं चांगलं मला येत नाही. शिवाय ते हसू माझ्यावरचं होतं. निगेटिव्ह कापून टाकायला कात्री घेतली होती. का टाकलं नाही ते नीटसं सांगता येत नाही. काचेत लावलं तर ते हसू माझ्यासाठीचं होईल, असं काहीतरी मनात आलं असेल. लोकांपुरतं झालं. मी रोज सकाळी शटर वर करायचो तेव्हा मला ती माझ्यावर हसतानाच दिसायची. तुझ्यावर राग होता, तो इतकी वर्षं तुझ्या पेन्सिलीचं कौतुक करून, तुला कॅमेऱ्यापासून लांब ठेवून काढला.

चिटणिसांना सांगून नाव बदललं. कार्डांचं आता काही करता येत नाही. पायरीबद्दल लिहिलं ते खोडून टाक.

ये किंवा नको येऊस, माझे आशीर्वाद मागे घेतलेले नाहीत.
दादा

दि. २१ जुलै

चि. ठकूस,
आशीर्वाद.

आज वन्सं नाही, ह्यावरून काय ते समज.

प्रदर्शन झालं. तुझ्या फोटोखाली तुझं नाव होतं, आणि हे स्वतः लोकांना थांबवून सांगत होते की हा बहिणीने काढला, मी कारखान्यात होतो. तिसऱ्यांदा सांगताना आवाज थोडा सरळ झाला.

आता शेजारच्या फोटोचं सांगते. मला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. मी हनुवटी खाली घ्यायची वाट बघत होते, पण हे काही बोललेच नाहीत. नुसती रिंग पुढे मागे. बारा फोटो काढले, अकरांत मी धुरात बसल्यासारखी. मध्येच मला काय झालं कोण जाणे, बसल्या जागेवरून मी बोलायला लागले. तुझा चेहरा काही देत नाही, हे तुम्ही मला बावीस वर्षांच्या मुलीला सांगितलंत, आणि दुसऱ्याने काढलेलं माझं हसू काचेत लावून मिरवलंत, असं सगळं. चांगलाच आवाज चढला होता. हे कॅमेऱ्यामागून हलले नाहीत आणि त्यातच एक काढला. भुवया वर, तोंड उघडं, बोट त्यांच्यावर रोखलेलं. बोट पुसट आलं आहे, डोळे मात्र लख्ख.

चिटणीस म्हणाले की हा लावू नये, बाईंचा चांगला नाही आला. मी म्हटलं, हाच लावा. हॉलमध्ये एका मुलीने मला ओळखलं आणि विचारलं की फोटो काढला तेव्हा तुम्ही खरंच चिडला होतात का. मी म्हटलं, खूप. मग तिने विचारलं, काढणाऱ्याला भीती नाही वाटली का. हे शेजारीच उभे होते. म्हणाले, वाटली.

लेन्स इतक्यात परत मागू नकोस. रोज सकाळी टोपण काढून, पुसून, दारात जो येईल त्याला खुर्चीवर बसवताहेत. कालपर्यंत सगळे पुसट येत होते, आज दूधवाल्याची एक पापणी सापडली. तुझी वस्तू तुला हवी असेल तर येऊन भांड. तू येणार नाहीस असं ह्यांचं म्हणणं आहे. मी पाहुण्यांच्या खोलीतला पलंग झाडून ठेवला आहे.

राग हवा तितका घेऊन ये, पण ये.
तुझी वहिनी