बोरूच्या रानातलं शून्य

प्रिय नकाशेबाई,

तुझी दुर्बीण माझ्या दारामागच्या खुंटीला टांगली आहे आणि येता-जाता मी तिच्याकडे चोरासारखी बघते आहे. काल गाडीतून उतरताना ती तू स्वतःच्या गळ्यातून काढलीस, माझ्या गळ्यात घातलीस आणि म्हणालीस, ठेव तुला, मी काही आता तळ्यावर यायची नाही. वर आठ वर्षांच्या नकाशांची गुंडाळीही हातात दिलीस. बुधवारी पक्षीगणनेचा शेवटचा अहवाल पाठवते आणि सुटते, म्हणालीस. मी एवढी बडबडी, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुला वाटलं मी भारावले. भारावले होतेच गं, पण गप्प राहण्याचं कारण निराळं होतं. ते सांगणारच आहे. आधी मला माझा दिवस सांगू दे, कारण असा दिवस आयुष्यात पहिल्यांदाच वाट्याला आला आणि ज्या बाईमुळे तो आला तिला तो कळायलाच हवा.

अकरा वर्षं तू मला बोलावत होतीस आणि अकरा वर्षं मी तुझी टिंगल करत होते. पक्षी आपापल्या कामाला चाललेत, त्यांच्याकडे टक लावून बघणं हे काही सभ्य माणसाचं लक्षण नव्हे, असं मी म्हणायचे. शेवटी काल उठले एकदाची पहाटे. चांगला पोपटी स्वेटर घालून खाली आले तर तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि तुझा तो मातकट कोट अंगावर चढवायला लावलास. आपण पक्षी बघायला चाललोय, त्यांना दाखवायच्या कार्यक्रमाला नाही, म्हणालीस. हे बाकी खास तुझं. ऑफिसात असतानाही तू तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशा विभागातून खाली यायचीस ती माझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डबा खायला कमी आणि मला सुधारायला जास्त. वाटेत तुझ्या मनगटावरचं घड्याळ सारखं पिकपिक करत होतं. तीनदा वाजलं तेव्हा मी म्हटलं, अगं बंद कर की. तू विचारलंस, काय बंद करू? मग घड्याळाकडे बघून बटण दाबलंस आणि म्हणालीस, जुनं झालंय, मनाला येईल तेव्हा वाजतं. मी तेव्हा काही मनावर घेतलं नाही.

दुर्बिणीत मला आधी माझ्या पापण्या दिसल्या. मग धुकं, मग तुझा कान, अगदी हत्तीएवढा. तू न चिडता माझ्या हातावर हात ठेवून ते चाक फिरवायला शिकवलंस आणि एकदम पाण्याच्या काठावरचा खांब माझ्या नाकासमोर आला. तो खांब मी बराच वेळ बघत होते, कारण दुसरं काही सापडत नव्हतं. तर त्या खांबाने मान लांब केली, पाण्यात चोच मारली आणि एक मासा गिळला. मासा गळ्यातून खाली उतरताना दिसला गं मला, सगळा. मी तुझा दंड इतक्या जोरात धरला की आज तिथे वळ असतील. राखी बगळा, तू शांतपणे म्हणालीस, जसा काही शेजारचा कुणी ओळखीचा गृहस्थ. मग खंड्या दाखवलास. निळा रंग मी साड्यांच्या दुकानात खूप पाहिला आहे, पण असा निळा कुणी मला आजवर दाखवलाच नव्हता. आणि ऊन वर आल्यावर ती बदकं उठली. किती असतील, तीनशे? तू मोजलीस, तीनशे चाळीस. मला मोजणं कुठलं सुचतंय. पाणीच उचललं गेल्यासारखं वाटलं आणि त्या पंखांचा वारा तोंडावर आला तेव्हा मला रडू फुटलं. चाळीस वर्षं मी या तळ्यापासून अर्ध्या तासावर राहते आहे. रोज सकाळी हे सगळं होत होतं आणि मी गॅसपाशी उभी राहून दूध उतू जातंय का बघत होते.

मग तू मला बोरूच्या रानाकडे नेलंस. वाटेत तुझी चाल बदलली, हे मी बघितलं. तळ्याच्या त्या कोपऱ्यात बोरू माणसापेक्षा उंच वाढलाय आणि आत तुझा लाडका बारका वटवट्या राहतो. अंगठ्याएवढा, मातीच्या रंगाचा, सहसा न दिसणारा. तो ऐकूनच मोजायचा असतो, असं सांगितलंस. आवाज आला की त्या जागी नकाशावर एक ठिपका. पहिल्या वर्षी एकसष्ट ठिपके होते. मग अठ्ठेचाळीस, मग तीस. गेल्या वर्षी चार. तू वाटेवरच्या त्या सपाट दगडापाशी उभी राहिलीस, डोळे मिटलेस आणि दहा मिनिटं हललीसुद्धा नाहीस. मी शेजारी श्वास धरून उभी. मग डोळे उघडून हळूच म्हणालीस, बघ, किती शांत झालंय. वहीत शून्य काढलंस. अक्षर तुझं नेहमीसारखं छापल्यागत, पण शून्य काढून झाल्यावर पेन्सिल तिथेच टेकवून ठेवलीस. अहवालात लिहिणार, तळ्यावरून हा पक्षी नाहीसा झाला. मग चष्मा काढून पुसत बसलीस आणि मी उगाच पाण्याची बाटली भरून आणते म्हणून तिथून सटकले. कुणाचंही रडणं मला फोनवर ऐकता येतं, समोर बसून बघता येत नाही.

आता तुला माहीत नसलेला भाग. पहारेकऱ्याची खोली तिथून पन्नास पावलांवर, रानाच्या दुसऱ्या टोकाला. बाटली भरता भरता मी सहज त्याला म्हटलं, या किड्यांच्या आवाजाने तुमचं डोकं उठत नाही का हो? कारण बोरूच्या रानाशी पोचल्यापासून माझ्या कानात तो आवाज येत होता. बारीक, टोकदार, कुणी छोट्या कात्रीने भराभर कागद कातरावा तसा, इकडून, तिकडून, पार लांबून. मी नवशिकी बाई, मला वाटलं किडे असतील. तू काही बोलली नाहीस म्हणजे किडेच असणार. पहारेकरी हसला. म्हणाला, किडे कुठले बाई, पक्षी आहेत ते, बारके. यंदा तर रान नुसतं भरलंय. मला खरं वाटेना. तेव्हा त्याने रानाच्या कडेला बोरूच्या एका ताटाकडे बोट दाखवलं आणि माझ्याच गळ्यात राहिलेली तुझी दुर्बीण मी लावली. या वेळी चाक माझं मी फिरवलं. एक चिमुकला मातकट जीव ताटाला आडवा धरून बसला होता. त्याची चोच उघडली की आवाज यायचा, मिटली की थांबायचा. त्याचा गळा थरथरत होता. एवढ्याशा गळ्यातून निघणारा तो आवाज सगळ्या रानाने उचलून धरला होता आणि मी त्याच्या मधोमध उभी होते. अंगावर सरसरून काटा आला. देवळात, दवाखान्यात, मुलीच्या जन्माच्या वेळी, कुठेही मी अशी थक्क झाले नव्हते. आणि पन्नास पावलांवर तू पाठमोरी बसली होतीस, मांडीवर वही, वहीत शून्य.

मी परत आले, दुर्बीण तुझ्या हातात दिली. तू म्हणालीस, चल, इथे आता काय आहे. आणि आपल्या पायांपासून चार पावलांवर एकजण कातरत होता, कातरत होता. मी तुझ्याकडे बघितलं. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढलीत मी. पलीकडच्या माणसाला ऐकू आलं नसलं की तो घाईघाईने हो हो म्हणतो, हे मला झोपेतसुद्धा ओळखता येतं. तू तसं कधीच म्हणत नाहीस. माझं बोलणं तुला नीट कळतं, बगळ्याचं खरखरणं कळलं, बदकं तर तू माझ्याआधी ऐकलीस. निसटतात ते फक्त बारीक, टोकदार आवाज, वाटेत घड्याळाची पिकपिक निसटली तसे. म्हणून मला इतके दिवस काहीच उमगलं नाही, आणि तुलाही नाही. मी चल म्हटलं आणि गाडीत बसले. लबाडी केली. तुझ्या वडिलांची गोष्ट मला आठवत होती. शेवटी शेवटी ऐकू येईनासं झाल्यावर ते जेवायच्या टेबलाशी बसून सगळ्यांच्या बोलण्यावर नुसते हसायचे आणि घरचे त्यांच्यादेखत त्यांची चेष्टा करायचे. माझ्यावर ती पाळी आली तर मी जगायची नाही, असं तू एकदा म्हणाली होतीस. दोघी जिना उतरत होतो. मी ते विसरलेले नाही.

घरी आल्यावर नकाशे जमिनीवर ओळीने पसरले. मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही, पण हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पहिल्या वर्षी ठिपके सगळ्या रानभर आहेत, पार पाण्याच्या टोकापर्यंत. दुसऱ्या वर्षी लांबचे गेले. मग मधले. दर वर्षी ठिपके वाटेच्या जवळ जवळ सरकत आलेत आणि गेल्या वर्षीचे चारही तुझ्या त्या सपाट दगडाला चिकटून आहेत. समासात तू लिहिलं आहेस, पक्षी काठाकडे माघार घेत आहेत, कारण अज्ञात. बाई गं, इतका नेमका नकाशा कुणी काढला नसेल. एकही ठिपका चुकलेला नाही. फक्त तो पक्ष्यांचा नाही. मी तिथे फरशीवर बसून राहिले. आठ वर्षं एक बाई आपल्याच कानांचा नकाशा काढत होती, इतक्या प्रामाणिकपणे, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मला हसू येईना की रडू येईना. तुझ्याविषयी इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

मोजल्याशिवाय तू रेघ ओढत नाहीस, आणि नवशिक्या बाईच्या सांगण्यावर तर मुळीच ओढणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज पहाटे पहिल्या बसने मी एकटीच गेले. तुझ्या दगडापाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि दहा मिनिटं ऐकलं. जिथून आवाज आला तिथे ठिपका केला. त्रेपन्न झाले. तो कागद सोबत ठेवला आहे. ठिपके गबाळे आहेत, दोन-तीन पाण्यातच पडलेत, एखादा दोनदा मोजला असेन, तुला ते बघून ताप येईल. येऊ दे. अहवाल बुधवारी जायचा आहे, म्हणून हे पत्र आत्ताच तुझ्या दाराखालून सरकवते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा कच खाल्ली असती. कानाच्या डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येईन आणि बाहेर बाकावर बसून अवाक्षर बोलणार नाही, हे मी लिहून देते. तिथे जे व्हायचं ते होईल. पण ते शून्य खोड. तू उगाच सुतक धरून बसली आहेस गं, ते कुठेही गेलेले नाहीत. सगळं रान भरून आहेत, आणि काल तू चष्मा पुसत होतीस ना, तेव्हासुद्धा तुझ्या पायाशी बोलत होते.

तुझीच,
दुसऱ्या मजल्यावरची एक्स्चेंज