फक्त पहिल्या शिफ्टला

३ मार्च

दिला एकदाचा रिपोर्ट! सहा नंबरची सीएनसी लेथ दोन महिने डोकं खात होती. जॉब सुरू करायला जावं तर मशीन अडते, अलार्म देते — टेलस्टॉकने धरलेलं नाही. टेलस्टॉक म्हणजे शाफ्टचं, मशीनवर लावलेल्या लोखंडी दांड्याचं, मागचं टोक धरणारा भाग. ऑपरेटरने पायाने पेडल दाबलं की तो पुढे सरकतो, आणि धरल्याचं सेन्सर सांगतो. सेन्सर मी जानेवारीतच नवा बसवलाय. वीस वेळा तपासला, वीसही वेळा दिवा लागला. मग तक्ता काढला — तारीख, वेळ, ऑपरेटर. सतरा अलार्म. सतराच्या सतरा पहिल्या शिफ्टला! आणि पहिल्या शिफ्टला त्या मशीनवर असतात मामा. माझे सासरे.

लिहून टाकलं : ऑपरेटरचा पाय पेडलवर पूर्ण दाबला जात नाही. नातं बाजूला ठेवून लिहिलं.

४ मार्च

मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "असा माणूस पाहिजे. घरचा-बाहेरचा बघत नाही!" छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

मामांना मोजमापाच्या टेबलावर बसवलं. एकोणतीस वर्षं मशीनपुढे उभा राहिलेला माणूस, खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा टेकला होता. सुटताना म्हणाले, "जावईबापू, मला तर पूर्ण दाबल्यासारखं वाटायचं हो." मी म्हणालो, "वय झालं की कळत नाही, मामा." असं बोललो मी. वर हसलोही.

९ मार्च

पाच दिवसांत एकही अलार्म नाही. सिद्ध झालं.

१२ मार्च

मामांनी स्कूटर बंद केली. आमच्या मुलीला शाळेत तेच सोडायचे. "पायाचा भरवसा नाही. पोर मागे बसलेली, आणि ब्रेक अर्धाच लागला तर?" असं म्हणाले म्हणे. सासूबाई सांगत होत्या, अंघोळीनंतर भिंतीला पाय लावून दाबून बघतात — जोर आहे की नाही.

मुलगी आज चालत गेली, तोंड एवढंसं करून. बायको म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?" आणि दिवसभर अबोला.

१६ मार्च

कुठे तोंड लपवू!

लांब शाफ्टची ऑर्डर परत आली. पहिल्या शिफ्टला आता दुसरा ऑपरेटर असतो, तो तरणा चष्मेवाला. साडेआठला अलार्म. नऊला परत. चष्मेवाल्याचा पाय म्हणजे नुसता खांब! लांब शाफ्ट पहिल्या शिफ्टलाच लागतात, कारण ते उचलून द्यायला क्रेनवाला फक्त सकाळी असतो. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण तक्त्यात माणसाचा रकाना आखला, जॉबच्या लांबीचा आखलाच नाही.

लांब शाफ्टला न्यावा लागतो तसा टेलस्टॉक पार मागच्या टोकाला नेला. सेन्सरची वायर ताणली गेली आणि दिवा विझला. वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. कारण प्लास्टिकचा टाय — जानेवारीत सेन्सर बसवताना मी बांधलेला, इतका घट्ट की वायरीला ढील म्हणून नाही. जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत उरकलं होतं. आणि ते वीस वेळा तपासणं? वीसही वेळा टेलस्टॉक जवळच होता. मागे न्यायचा कंटाळा!

वायर बदलली. नोंदवहीत लिहिलं, "कनेक्टर साफ केला." कोणाला काही बोललो नाही.

१७ मार्च

उद्या सांगतो. आज मॅनेजर कामात होते. — कामात कसले, चहा पीत होते.

१८ मार्च

मामांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. "मशीन नाही तर मी तिथे बसून काय करू," म्हणाले. तरी मॅनेजरकडे गेलो नाही.

१९ मार्च

अर्ज मंजूर. त्यांच्या जागी नवा माणूससुद्धा घेतला.

२० मार्च

आज राहवलं नाही. कामावरून सुटून थेट मामांच्या घरी गेलो. ते पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. उभ्या उभ्याच म्हणालो, "मामा, चूक तुमची नव्हती. वायर तुटली होती. टाय मी बांधला होता." वाटलं, बूट फेकून मारतील. मारायला हवा होता.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझा पाय ठीक आहे?"

"ठीक आहे, मामा."

"नक्की ना?"

"नक्की."

आतल्या दिशेने ओरडले, "अगं ऐकलंस का, पाय ठीक आहे माझा!" हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी. मला म्हणाले, "कंपनीत बोलू नका, तुमच्यावर येईल. आणि आता जेवूनच जा." आणि मी जेवलो! दोनदा वाढून घेतलं. लाज कशी वाटली नाही?

२१ मार्च

काल एक गोष्ट लिहायची टाळली. जेवताना मामांनी विचारलं होतं, "वायर सापडली कधी?"

मी म्हणालो, "आज सकाळी."

"मग तुम्ही तरी काय करणार," म्हणाले.