कानबाईच्या अकरा केळी

माय, आज सकाळपासून मी एक यादी करत बसले आहे. इथे धुळ्याला कॉलेजात वरची जागा निघाली आहे आणि अर्जात विचारलंय, आजवर किती शोधलेख छापले आणि दुसऱ्यांनी आपल्या लेखांत त्यांचा किती वेळा आधार घेतला. मुंबईच्या एका मैत्रिणीने लायब्ररीतले जाडजूड ग्रंथ चाळून आकडे कळवले. माझे लेख पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची दखल घेणारी मी एकटीच, तीही माझ्याच पुढच्या लेखात. एक लेख मात्र सगळीकडे पोचलाय. झाडांचा अभ्यास करणारे त्याचा आधार घेतात, हवामानवाले घेतात, आणि ज्यांनी जन्मात केळीचा मळा पाहिला नसेल ते गणितवालेही घेतात. तो लेख आपल्या असोद्याच्या मळ्याचा. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला तुझ्यापुढे लाज वाटली.

तुला ते वर्ष आठवत असेल. मी जळगावला शिकते आहे, एसटीने फक्त रविवारी घरी येते, आणि मला रोज मळा पाहून ठेवलेली नोंद हवी आहे की कोणती केळ कधी निसवली, म्हणजे तिचं कमळ कधी बाहेर पडलं. तुला लिहिता येत नव्हतं. तू म्हणालीस, मी चिंध्या बांधते. दर आठवड्याला वेगळ्या लुगड्याची चिंधी, त्या आठवड्यात निसवलेल्या प्रत्येक केळीला. आपली जुनी लुगडी संपली तेव्हा तू शेजारणींची मागून आणलीस. रविवारी तू भाकरी थापतेस आणि न थांबता सांगतेस, वरच्या अंगाला लाल काठाच्या सात, विहिरीकडे हिरव्या दोन. मी चुलीजवळ बसून वहीत उतरवते. मळ्यात जाऊन मोजलं तर तुझा आकडा कधी चुकलेला नसायचा.

फक्त प्रत्येक ओळीतली एक केळ मोकळी होती. अकरा ओळी, अकरा केळी. मी विचारलं तर तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी परक्या घरातून आले आहे.

"पहिली निसवलेली कानबाईची राहते. तिचा घड आपण इकत नाही, गल्लीत वाटतो. देवीच्या केळीले नेसलेल्या लुगड्याची चिंधी बांधतं का कोनी?"

"पण ती निसवली कधी?"

"मले नाही माहीत. देवीचं मी मोजत नाही. तू बी लिहू नको."

कॉलेजात माझ्या सरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, याला सुरुवातच नाही, हे कोण छापेल? पुढच्या रविवारी तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझी पाठ माझ्याकडे असताना, मी अकरा केळींच्या अकरा तारखा अंदाजाने भरल्या. ओळीतल्या दुसऱ्या केळीवरून मागे गेले आणि जिथे आलेखाची रेघ छान वळेल तिथे तारीख टाकली. तू विचारलंस, "लिहिलं का सम्दं? त्या सोडून ना?" मी म्हणाले, "सोडूनच." पुढे कानबाईचे ते घड पिकले तेव्हा पहिली फणी तू माझ्या पिशवीत घातलीस. "ही तुह्या अभ्यासाची," म्हणालीस. ती केळी मी एसटीत खाल्ली आणि मला ती गोडही लागली, हे लिहिताना मान वर होत नाही.

लेखात मी छापलं की सर्व निरीक्षणं लेखिकेने स्वतः केली. चिंध्या नाहीत, तू नाहीस. लेख छापून आला त्याच्या आदल्याच वर्षी तू गेलीस, म्हणून मला विचारणारंही कोणी उरलं नाही. आणि गंमत बघ, गणितवाल्यांना सगळ्यात आवडते ती रेघेची सुरुवात. तो हळूच वर चढणारा बाक कसा नेमका आला आहे, असं ते लिहितात आणि त्याच्यावर आपली गणितं रचतात. तो बाक त्या अकरा केळींचा आहे. जे तू मोजलं नाहीस ते मी रचलं, आणि लोक नेमके त्याच्यावर उभे आहेत.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका माणसाचं फार अदबीने लिहिलेलं पत्र आलं. मूळ नोंदवही पाहायला मिळेल का, असं विचारत होता. खरं कळवायला चार ओळी पुरल्या असत्या. मी दोन दिवस कागद समोर घेऊन बसले, आणि शेवटी कळवलं की घर बदलताना वही हरवली. आज अर्जात तो लेख सगळ्यात वर घातला, पुढे आकडा टाकला, सही केली आणि अर्ज शिपायाच्या हाती ऑफिसात पाठवून दिला.

वही हरवलेली नाही, माय. या कागदाखाली तीच घेऊन लिहिते आहे, आणि तिच्यात खूण म्हणून ठेवलेली तुझ्या लुगड्याची लाल काठाची चिंधी अजून तशीच आहे. हे पत्रही तिच्यातच ठेवते. तिथे ते कोणी शोधणार नाही, याची तजवीज मी आधीच करून ठेवली आहे.