निकिताच्या मुलाखतीची माझी तयारी

२ ऑगस्ट, शनिवार
निकिताचं नाव यादीत आलं. पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजची मुलाखत. नीटचे मार्क पाहून देशभरातून निवडक मुलं बोलावतात. अख्ख्या कळंबमधून माझी मुलगी एकटी.

संध्याकाळी. दुरुस्ती: एकटी नाही. राठोड सरांची संगीताही आहे. गुलाबसिंग राठोड आमच्याच ज्युनियर कॉलेजात शारीरिक शिक्षण घेतात. मी इंग्रजी शिकवतो. मुलाखत इंग्रजीत होते, शिट्टीवर होत नाही. तेव्हा काळजीचं काही नाही. संगीताबद्दल आनंदच आहे. (हे वाक्य दोनदा वाचलं. राहू दे.)

३ ऑगस्ट, रविवार
योजना ठरली. संभाव्य प्रश्न आणि त्यांची आदर्श उत्तरं मी स्वतः लिहून देणार. निकिताने फक्त पाठ करायची. रोज संध्याकाळी सराव मुलाखत. मी टाय लावणार.

अभिनंदन करायला राठोडांकडे गेलो. खरं म्हणजे तयारी कुठवर आली ते बघायला गेलो. टेबलावर एक पुस्तक नाही. विचारलं तर गुलाबसिंग म्हणाले, कायची तयारी, गावंडे सर? पोरगी दिवसभर बोलूनच राह्यली घरी, मलेच तिले थांबवा लागते. बसा, चहा घ्या, कायले टेन्शन घेता?
याला लपवाछपवी म्हणतात. चहा मात्र आमच्यापेक्षा बरा होता.

५ ऑगस्ट
पहिला सराव. टाय लावला. डॉक्टर का व्हायचंय, असं विचारलं. निकिता म्हणाली, प्रॅक्टिकलला रक्त पाहून सगळ्या वर्गाला गरगरलं, मला नाही गरगरलं, म्हणून.
उत्तर खरं आहे. म्हणूनच चालणार नाही. माझ्या लेखी उत्तरात सेवा, राष्ट्र, समर्पण आणि बालपण हे चारही आहेत. ते तिने वाचलं आणि विचारलं, बाबा, हे कोणाचं बालपण आहे?
दिपालीला, म्हणजे बायकोला, स्वयंपाकघरात ठसका लागला. बहुधा फोडणीचा.

६ ऑगस्ट
निकिता पहाटे पळायला जाते. लष्कराचं कॉलेज, फिटनेस हवाच. ही सवय माझ्या बोलण्यातून लागली असणार.
आज सहज म्हणून गॅलरीत उभा राहिलो. दुरुस्ती: सहज नाही, गजर लावून उठलो. कोपऱ्यावर संगीता उभी. तिच्याशेजारी गुलाबसिंग, गळ्यात शिट्टी. तिघं चिंतामणीच्या देवळाकडे पळत गेले. निकिता हसत होती. माझ्या सरावात ती एकदाही हसलेली नाही.

नंतर विचारलं. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, राठोड सर पळता पळता प्रश्न विचारतात. धाप लागली की माणसाला बनवून बोलता येत नाही म्हणतात. आणि रविवारी तांड्यावर नेतात, त्यांच्या याडीकडे. याडी म्हणजे त्यांची आई, सुखीबाई. तिथे सगळ्या म्हाताऱ्या या दोघी मुलींना मध्ये बसवून घेतात आणि विचारतात, डॉक्टर झाल्यावर इकडे फिरकशील का? निकिताने सांगितलं, माहीत नाही. त्यावर सुखीबाई म्हणाल्या, ही पोरगी खोटं बोलून नाही राह्यली.

म्हणजे राठोडांकडे पॅनेल आहे! अख्ख्या तांड्याचं. आणि माझी मुलगी त्यांच्या पॅनेलपुढे बसते. मी घरात टाय लावून एकटा.
‘मत्सर’ हा शब्द लिहून पाहिला. बसत नाही. ‘निरीक्षण’ बसतो.

७ ऑगस्ट
मलाही पॅनेल हवं. अनोळखी माणसांचं. ओळखीच्यांपुढे मुलं मोकळी होतात, ते घातक.
महागावच्या किसनमामांना फोन केला. दिपालीचे मामा. सोयाबीनच्या व्यापारामुळे त्यांची जिल्हाभर ओळख. मुद्देसूद सांगितलं: येत्या रविवारी, चारच्या सुमारास, दोनतीन भारदस्त माणसं घेऊन या. निकिताने कधी पाहिलेली नसावीत. मुलीला नीट बघा, मोकळेपणाने प्रश्न विचारा, चालणंबोलणं तपासा, मग तुमचं मत सांगा. मामा म्हणाले, जावईबापू, इतक्या लवकर? मी म्हटलं, उशीरच झालाय, राठोडांनी कधीच सुरुवात केली. मामा म्हणाले, मंग तर सोडाच नाही. चांगले लोक आहेत माह्या नजरेत.
कामाचा माणूस.

दिपाली म्हणाली, अहो, रविवारी चार माणसं येऊन बसली आणि मुलीला बाहेर बोलावलं, तर आपल्याकडे त्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना? मी म्हटलं, मुलाखत. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग पोहे भिजवायचे का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. पॅनेलला काहीतरी द्यावंच लागतं.

१० ऑगस्ट, रविवार
दुपार. सोफा भिंतीला लावला. समोर एकच खुर्ची. गुणपत्रिका तयार: आत्मविश्वास, देहबोली, भाषा, नम्रता.

संध्याकाळ. जसं घडलं तसं लिहितो.
मामा आले. सोबत इंदूबाई नावाच्या रुबाबदार बाई, जरीकाठाची साडी. त्यांच्याबरोबर अमर नावाचा तरुण, इंजिनियर, वणीला कोळसा खाणीत नोकरी. इस्त्रीचा शर्ट. पॅनेलमध्ये तरुण रक्त हवंच, मला मामांचं कौतुक वाटलं.

निकिता आली, बसली. इंदूबाईंनी उंची विचारली. फिट. लष्करात उंचीला महत्त्व असतं. मग म्हणाल्या, बाई, जरा दारापर्यंत चालून दाखव. मी शेरा लिहिला: ‘चालण्याची चाचणी, उत्तम कल्पना, राठोडांनी केली नसेल.’ चष्मा आहे का, दात स्वतःचे का, राग येतो का, एकत्र राहायची सवय आहे का. सगळं हॉस्टेलला धरून. मी मान डोलावत होतो. अमरने एकही प्रश्न विचारला नाही. तटस्थ निरीक्षक, असं लिहिलं.

निकिता माझ्याकडे बघत होती. मी खुणेने ‘सेवा’ म्हण असं सांगत होतो.
पोहे झाले. मग इंदूबाईंनी पिशवीतून नारळ काढून निकिताच्या हातात ठेवला आणि मामांना म्हणाल्या, आमच्याकून होकार आहे.
मला वाटलं, उत्तीर्ण झाली. मी उभा राहून इंदूबाईंशी हस्तांदोलन केलं. फक्त मी.

दिपाली स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही.
मग मला समजलं. मामा म्हणत होते, काहून गप झाले जावईबापू? तुम्हीच तर म्हणले चालणंबोलणं पाहा, राठोडायनं सुरुवात केली म्हणून! मी तर तेच समजलो, त्यायनं पोरीसाठी पोरगं पाह्यलं.

निकिता उठली नाही. नारळ मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाली, काकू, माझ्या बाबांना मेडिकलच्या मुलाखतीचा सराव घ्यायचा होता. चूक तुमची नाही. पण मी शिकायला चालली, पाचसहा वर्षं तर मागे बघणार नाही. तुम्हाला एवढ्या दूर आणलं, त्याचं मला वाईट वाटते. मग अमरकडे वळून म्हणाली, दादा, तुम्हाला तरी खरं कारण सांगितलं होतं का? अमर म्हणाला, मले तर म्हणे पूजा आहे. त्यावर इंदूबाईंना असं हसू आलं की पदर तोंडावर घेऊन त्या हलत राहिल्या. निकिताने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. चालताना त्या डावा पाय ओढतात, म्हणे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी निकिताची चाल तपासत होतो. जाताना त्यांनी नारळ परत घेतला नाही, डॉक्टरीणबाईला म्हणून ठेवून गेल्या.

गुणपत्रिका भरली. भाषा: वऱ्हाडी मिसळलेली. देहबोली: ठीक. आत्मविश्वास: गरजेपेक्षा जास्त. शेरा: ‘उमेदवार फार खरं बोलते. सुधारणा हवी.’

११ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये बातमी आधीच पोचलेली. गुलाबसिंग हसले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, गावंडे सर, पोरीनं काय संभाळलं हो! मीच काल सकाळी सांगितलं तिले, कोणी काही विचारो, समोरच्याले लहान नको करू.
म्हणजे ते कौतुकही त्यांनीच घेतलं. आणि माझ्यावर हसले नाहीत, हा मोठेपणाही त्यांचाच.

१३ ऑगस्ट
सराव बंद. निकिता म्हणाली, बाबा, तुम्ही टाय लावला की मला घाम फुटतो. ठीक. तिला विश्रांतीची गरज आहे, असा निर्णय मी घेतला.

२० ऑगस्ट, पुणे
दोघी आत गेल्या. मी आणि गुलाबसिंग बाहेर झाडाखाली. त्यांनी डब्यातली भाकरी दिली. मी भूक नाही म्हटलं. अर्धी खाल्ली.

निकिता बाहेर आली. काय विचारलं? एखाद्या अवघड प्रसंगात तू कशी वागलीस, ते सांग म्हणाले. मी लिहून दिलेलं पुराचं उत्तर दिलंस ना? नाही, बाबा, नारळाचं सांगितलं. पॅनेलमधले एक साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. दुसऱ्या बाईंनी विचारलं, वडिलांवर राग नाही आला? तू काय म्हणालीस? म्हणाली, नाही. ते माझ्यासाठी घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला रागवून काही समजत नाही.
पुढे पॅनेलने विचारलं म्हणे, तयारी कोणी करून घेतली. हिने सांगितलं, राठोड सरांनी.
मी उरलेली अर्धी भाकरी उचलली. तिला कळलं असावं. म्हणाली, बाबा, बोलणं तर सगळं तुमच्यावरच झालं ना!

३ सप्टेंबर
निकिता लागली! यादीत नाव आहे. स्वतः तीनदा पाहिलं.
संगीता प्रतीक्षायादीत. मला वाईट वाटलं. दुरुस्ती: वाईट वाटावं म्हणून थोडा वेळ थांबलो.

संध्याकाळी पेढे घेऊन राठोडांकडे निघालो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. विजय मिरवायचा नाही, संगीताला धीर द्यायचा, राठोडांच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्यांनी ठेवला होता तसा. वाक्यं तयार होती. मी लिहिलेली आदर्श उत्तरं कोणीतरी कुठेतरी वापरायला हवीत.

गल्लीच्या तोंडाशीच शिट्टी ऐकू आली. गुलाबसिंग घरोघर पेढे वाटत होते. सोबत संगीता, हातात डबा. तिला यवतमाळचं सरकारी कॉलेज मिळणार, तिच्या चेहऱ्यावर प्रतीक्षा वगैरे काही नव्हती. लोक म्हणत होते, वा, राठोड सर, तुमची पोरगी लागली म्हणे पुण्याला! ते म्हणत होते, माहीच समजा, गावंडे सरायची निकिता.

मला पाहून धावत आले. माझी पिशवी बघितलीच नाही. डबा उघडून पुढे धरला. म्हणाले, सर, तोंड गोड करा, आपली पोरगी डॉक्टर झाली!
माझ्याच मुलीचा पेढा मी राठोडांच्या डब्यातून खाल्ला. खांद्यावर हात त्यांनीच ठेवला. माझे पेढे पिशवीत तसेच राहिले.

पेढा खव्याचा होता, ताजा. एकच घेतला.
दुरुस्ती: दुसरा मागून घेतला.